अनुभव धागा : जुनी वस्तू, मोबाइलवरचा सौदा आणि आपला सीमाभाग

पूर्वी जुनी वस्तू घ्यायची तर ओळखीतलं कुणीतरी लागायचं. आता निपाणीत मोबाइल उघडला की कागल, कोल्हापूर, इचलकरंजीचा माल समोर. आमचं कपाट आणि मुलाची सायकल अशीच आली. तुम्ही काय घेतलंत, काय विकलंत, कुठे अडलात ते मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

कोल्हापूरच्या एका काकांकडून एमएच ०९ ची स्कूटर घेतली. जिवापाड जपलेली गाडी. अंतर जेमतेम ४० किलोमीटर, दुपारी गेले, दिवेलागणीला घरी. धावपळ पुढेच. राज्य बदललं की मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागतो. त्याच्या फॉर्म २८ वर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा हवा. काकांनी उकिडवं बसून, कागद दाबून धरून, पेन्सिल आडवी घासली. दोनदा पुसट आला, तिसऱ्यांदा उमटला. मग इकडे चिक्कोडीला कर्नाटकचा आजीवन कर, नवा केए २३ नंबर. १२ महिन्यांहून जास्त गाडी इकडे ठेवायची तर हे चुकत नाही. कर धरून हिशेब करा, मगच भाव ठरवा.

उद्यमबाग, बेळगाव
जुना मोबाइल घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. बिल नाही म्हटलं की मी उठतोच.

टिळकवाडी, बेळगाव
बाबांनी सोफा विकायला टाकला. पाच मिनिटांत फोन : ‘अंकल, मी आर्मीत आहे, कॅम्पात पोस्टिंग.’ मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या गावात. आजोबा तिथूनच निवृत्त झालेले. फौजी म्हटल्यावर शंका कोण घेणार? गणवेशातला फोटो आला, ओळखपत्र आलं, घासाघीस न करता होकार आला. मग क्यूआर कोड : ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ आठ हजार गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आजच बसवून सांगा. आम्ही १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, पण दुसऱ्या दिवशी. असा फोन त्याच मिनिटाला करायचा असतो. बाबा आठवडाभर जेवताना बोलले नाहीत. पैशांपेक्षा वर्दीचं नाव घेऊन फसवलं, हे त्यांना जास्त लागलं.

वडगाव, बेळगाव
आमचे दोन माग बंद झाले, तेव्हा कांड्या भरायचं (मागासाठी सूत गुंडाळायचं) मशीन विकायला काढलं. भंगारवाला लोखंडाच्या भावाने मागत होता. फोटो टाकला, वर्णन मराठीत लिहिलं. इचलकरंजीहून दोन फोन आले. शेजारच्या अक्कांनी खाली कन्नडमध्ये दोन ओळी घालून दिल्या, तर रबकवीहून माणूस थेट दारात. मशीन चालवून बघितलं, आवाज ऐकला आणि रोख पैसे दिले. ते आज कुणाच्यातरी मागाला कांड्या पुरवतंय बघा, भंगारात गेलं असतं तर मला झोप लागली नसती.

खानापूर
दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला सगळंच इंग्रजी. बेळगावच्या एका ताईची पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळाली. घरी येऊन उघडली तर पहिल्या धड्यापासून प्रत्येक अवघड शब्दावर बारीक अक्षरात, पेन्सिलने, मराठी अर्थ लिहिलेला. मी तिला मेसेज करून विचारलं, खोडू का? ती म्हणाली, राहू दे, आणि जिथे मी सोडलेत तिथे तू लिही.