मदत हवी आहे: मानवेल बांबूतून जाड मुठीचा चमचा, तोही डिंक न लावता

नमस्कार मंडळी. नागपुरात आम्ही दोघं बांबूचे चमचे करतोय. खाऊन फेकायचे नाहीत, रोजच्या जेवणातले. ज्यांचे सांधे धरलेत, मूठ नीट वळत नाही, अशांसाठी: चमच्याची मूठ अंगठ्याएवढी जाड, वजन कमी, आणि तोंड इतकं खोल की रस्सा वाटीतून ओठापर्यंत सांडू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीकडून सहज मिळतो तो मानवेल. चिवट, जवळजवळ भरीव, मुठीला उत्तम. अडतं ते चमच्याच्या तोंडाशी. आम्हाला तोंड हवं ३६ मिमी रुंद आणि काठीचा व्यास जेमतेम ५ सेंमी. एवढ्या गोलाईतून ३६ मिमीची पट्टी काढली की मधला फुगवटाच साडेसात मिमी. तो सपाट केला की बाहेरचा टणक थर जातो, आणि बांबूचा सगळा जीव त्याच थरात. ओठाला लागणारी कड मग आतल्या मऊ अंगात येते. काही दिवस धुतलं की रेषे उभे! गिऱ्हाइकानं काय पॉलिश पेपर घेऊन जेवायला बसायचं?

पट्ट्या चिकटवून ठोकळा करा, असा सल्ला मिळाला. पण गरम रश्श्यात टिकणारा, तोंडात चालणारा आणि शेवटी मातीत मुरणारा डिंक कुणी वापरलाय का? बांबू पोखरणाऱ्या भुंग्याचाही प्रश्न आहेच. त्यावरचं बोरॅक्स-बोरिकचं औषध फर्निचरला ठीक, चमच्याला कसं लावणार?

पीएलए, म्हणजे वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक, सुचवू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, सावजीचा रस्सा त्याहून गरम. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांतलं धानाचं तूस मुबलक आहे, पण त्यातली सिलिका साचा झिजवते, आणि बांधायला बहुतेकदा प्लास्टिकच घालतात.

स्टीलप्रेमी: भाऊ, स्टीलचा चमचा तीन पिढ्या चालते. काहून एवढी कटकट?

धागाकर्ता: चालतो ना! पण तेवढ्या जाड मुठीचा भरीव स्टीलचा चमचा उचलून बघा. पोकळ करायचा तर साचा आणि वेल्डिंग आलं.

बुरडकामवाला: तोंडासाठी मानवेलाचा नाद सोडा, कटांग बांबू घ्या. त्याची बुडाकडची पेरं रुंद आणि जाड, त्यामुळे गोलाई तेवढी नडत नाही. काठी तीन वर्षांवरची, पावसाळ्यानंतर तोडलेली. कोवळी नको. गाठ मुठीच्या टोकाला ठेवा, तोंडात आली तर टवका उडतो. भुंगा बांबूतल्या पिठूळपणाला येतो, म्हणून कामट्या पाण्यात मुरवा किंवा उकळा, मग सावलीत वाळवा. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात टाकाल तर तडकल्याच समजा. कडेचं म्हणाल तर विकण्याआधीच ओली करून रेषे उठू द्या, वाळली की घासा, असं दोन-तीनदा. नंतर जवसाचं कच्चं तेल. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूचे क्षार घालतात. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रातही एकदा जाऊन या.

धागाकर्ता: आभारी आहे, दादा. डिंकाचा नाद सोडतो. पण कटांगाचे नुसते बुडाचे तुकडे नागपूरपर्यंत कुणी देतं का? अख्खी काठी घेतली तर शेंड्याचं काय करायचं आणि त्याचे पैसे कुठल्या चमच्यावर चढवायचे?