आगबोटीच्या इंजिनाला झाकण नव्हतं, म्हणूनच ते इतकं देखणं झालं

दट्ट्या (धागाकर्ता)

समुद्रावर प्रवासी नेणारी जगातली शेवटची पॅडल स्टीमर, म्हणजे दोन्ही अंगांच्या फळ्यांच्या मोठ्या चाकांनी चालणारी आगबोट, ती वेव्हर्ली. १९४६ साली ग्लासगोत पाण्यात उतरली, १९४७ पासून धावायला लागली, १९७४ साली धंद्यातून बाद झाल्यावर एका जतन संस्थेला एक पौंडात मिळाली. तिचं इंजिन बघायला कुठल्या शिडीने तळात उतरावं लागत नाही. प्रवाशांच्या येण्याजाण्याच्या वाटाच इंजिनाच्या दोन्ही अंगांनी जातात. कठड्याशी उभं राहिलं की समोर तीन क्रँक (चाकाचा दांडा फिरवणारे वाकडे हात) एकामागून एक वर येतात आणि खाली जातात, मिनिटाला पन्नासेक फेरे. घाई नाही, आदळआपट नाही.

ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोरचं हे इंजिन. वाफ आधी २४ इंची सिलिंडरात, तिथून ३९ इंचीत, मग ६२ इंचीत जाते. दर टप्प्याला दाब उतरतो, वाफ फुगते, म्हणून पुढचा सिलिंडर मोठा. दट्ट्याची धाव ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट. चाकाचा दांडा जहाजाला आडवा आणि वर डेकची उंची मर्यादित, अशा जागेत एवढी लांब धाव उभी बसवता येत नाही. म्हणून सिलिंडर तिरपे झोपवले. अडचणीतून निघालेली रचना आहे, पण बघताना अडचण आठवतही नाही.

त्याआधीची झुलत्या सिलिंडरची इंजिनं तर याहून अचाट. त्यांत दट्ट्या आणि क्रँक यांना जोडणारा मधला दांडा, कनेक्टिंग रॉड, तोच नाही. दट्ट्याचा दांडा थेट क्रँकला जोडलेला आणि क्रँक फिरेल तसा अख्खा सिलिंडर दोन पोकळ खुंट्यांवर डोलतो. वाफ आत जाते आणि बाहेर येते ती त्याच खुंट्यांतून. म्हणजे जो सांधा सतत हलतोय, त्यातूनच वाफ न गळता न्यायची! ग्रीनिचच्या जॉन पेन यांच्या कारखान्याचं असं एक इंजिन ड्रेस्डेनच्या डीसबार नावाच्या स्टीमरवर आजही चालतं. जहाज १८८४ चं, इंजिन १८४१ चं, आधी दुसऱ्या जहाजात राबलेलं.

आणि चाकं? साध्या चाकाची फळी पाण्यात सपाट आपटते आणि निघताना पाणी उचलते, दोन्हीकडे ताकद वाया. १८२९ च्या पेटंटपासून पुढे रुळलेल्या चाकात प्रत्येक फळी स्वतःच्या खिळीवर वळते. चाकाच्या केंद्रापासून जरा बाजूला दुसरं केंद्र धरायचं, तिथून प्रत्येक फळीला एक दांडी द्यायची. फळी जवळजवळ उभी पाण्यात शिरते, उभीच बाहेर येते. या खिळ्यांना तेल घालायला कोण जाणार? म्हणून तिथे लिग्नम व्हायटी या चिवट लाकडाचे बुश (खिळीभोवतीचं अस्तर), ज्यांना समुद्राचं पाणीच वंगण म्हणून चालतं.

माझं म्हणणं असं की ही कारागिरी उघड्यावर होती म्हणून इतकी नीट झाली. मालक बघणार, प्रवासी बघणार, शेजारच्या कारखान्याचा फोरमन तिकीट काढून बघणार. आजचं इंजिन म्हणजे रंगवलेली पेटी. आत काय आहे याची कुणाला लाज वाटायचं कारण उरलेलं नाही.

तिरपागडा

लेख सुरेख, पण तर्काची गंगा उलटी वाहते आहे. इंजिन उघडं ठेवलं ते कुणाला दाखवायला नाही. झाकलं असतं तर चाललंच नसतं. प्रत्येक बेअरिंगवर वातीचं तेलपात्र, ते भरायला तेलाचा डबा घेऊन माणूस फिरणार, तर झाकण कुठे लावता? बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉमने १८९० मध्ये दाबाने तेल फिरवायची पद्धत आणली आणि वाफेचं इंजिन पेटीत बंद झालं. बंद झाल्यावर ते जोरात फिरू लागलं, कमी झिजू लागलं, माणूसही कमी लागला. म्हणजे झाकण ही सुधारणा होती.

बाकी चाक बरं की मागचा पंखा (प्रोपेलर), याचा निकाल १८४५ मध्येच लागला होता. ब्रिटिश नौदलाने जवळपास सारख्या ताकदीची दोन जहाजं पाठीला पाठ लावून बांधली. रॅटलरला मागे पंखा, अलेक्टोला चाकं. चाकं पुढे फिरत असतानाच अलेक्टो अडीच नॉटहून जास्त वेगाने उलटी ओढली गेली. समुद्रात जहाज कललं की एक चाक हवेत आणि दुसरं बुडलेलं. कोळसा जळत गेला की जहाज वर येतं आणि फळ्यांची खोली बदलते. असल्या गैरसोयीला नक्षी काढली म्हणून ती सोय होत नाही.

आणि लिग्नम व्हायटीचं म्हणाल तर तेच लाकूड पंख्याच्या दांड्याला मागच्या बाजूने बसवायची युक्ती १८५० च्या दशकात काढली कुणी? तुमच्याच जॉन पेननी. त्याआधी पंख्याच्या जहाजांची ती बेअरिंगं भराभर झिजत. चाकवाल्यांच्या गोटातला उत्तम कारागीर पंख्याला मार्ग करून देऊन मोकळा झाला.

वल्हं

पेनचं माहीत नव्हतं, मजा आली. चालू द्या.

दट्ट्या

@तिरपागडा, त्या रस्सीखेचीत हरलं ते चाक. धागा इंजिनावर आहे.

शिवाय चाक सगळीकडे हरलेलं नाही. ब्रिटिश नौदलानेच १९५० च्या दशकाच्या अखेरीस डायरेक्टर वर्गाचे चाकांचे टग बांधून घेतले, डिझेल-इलेक्ट्रिक. विमानवाहू जहाजाच्या बाहेर झुकलेल्या डेकखाली शिरायचं आणि दोन चाकं उलटसुलट फिरवून जागच्या जागी वळायचं, हे काम त्यांना चाकानेच बरं जमलं.

खलाशी_निवृत्त

आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, बहुतेक डिझेलच्या, सुरुवातीला थोडं वाफेच्या. दोघांनाही एक गोष्ट सांगतो.

उघड्या इंजिनाचं चकाकणं प्रवाशांसाठी नसतं, आमच्यासाठी असतं. रोज पुसलेल्या दांड्यावर केसाएवढी भेग आली तरी तेलाची रेघ दिसते. रंगाखाली ती लपते. नट सैल झाला तर त्याच्या कडेला गंजाची लालसर भुकटी येते, चकचकीत पोलादावर ती लांबून कळते. पुसणं म्हणजे तपासणं. ज्या पोऱ्याला पुसायचा कंटाळा, त्याच्या पाळीत काहीतरी तापणार हे ठरलेलं.

चालत्या इंजिनात क्रँकचं बेअरिंग तापलंय का ते हाताने बघायचं. क्रँक वर येतो त्या क्षणी तळवा त्याच्या वाटेत अलगद ठेवायचा, बेअरिंग त्याला घासून पुढे जातं, हात त्याच चालीने मागे घ्यायचा. पन्नास फेऱ्यांना हे जमतं. पाचशेला हात जाईल. इंजिनाचा सावकाशपणा ही नुसती शोभा नव्हती, माणसाच्या हाताला त्यात जागा ठेवलेली होती.

बेअरिंगची फट मोजायला शिशाची तार घालायची, टोपी आवळायची, परत उघडून दबलेली तार मोजायची. जास्त असेल तर मधली पातळ पत्री काढायची. कमी असेल तर निळा रंग लावून कुठे टेकतंय ते बघायचं आणि व्हाइट मेटल (बेअरिंगच्या आतलं मऊ धातूचं अस्तर) स्क्रेपरने खरवडायचं, परत निळा, परत खरवडायचं. दट्ट्याराव, हे सगळं डिझेलवरही केलंय मी, पेटीच्या आत वाकून, घामाने चिंब होऊन. तिथे बघायला कुणी प्रवासी नव्हता. काम तितकंच नीट व्हायचं, कारण नाही झालं तर भर समुद्रात आपणच अडकणार. लाज वगैरे सगळं त्याच्या नंतर.

लेथवाली

खलाशीकाकांना दंडवत.

टूलरूममध्ये काम करते, म्हणून "आत काय आहे याची कुणाला लाज नाही" हे वाक्य मला लागलं. डिझेलच्या इंधनपंपातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट दोनतीन मायक्रॉनची असते. त्यांची जोडी जमवून लॅप करतात, म्हणजे बारीक भुकटीने घासून एकमेकांत बसवतात, मग त्या जोडीतला एक भाग दुसरीकडे वापरता येत नाही. हे कुणालाच दिसत नाही. कठड्याशी उभं राहून दिसत नाही म्हणून ते कमी प्रतीचं?

पॅडल इंजिनांचं ऋण मात्र मला वेगळ्या जागी दिसतं. त्यांचे तुकडे इतके मोठे होते की ते बनवायला आधी यंत्रं बनवावी लागली. ग्रेट ब्रिटन हे जहाज आधी चाकांचं ठरलं होतं. त्याच्या चाकाचा दांडा इतका जाड की तो घडवायला कुणी तयार होईना. त्यावेळचा घण झुकत्या दांड्यावर बसवलेला असे. मोठा तुकडा खाली ठेवला की घणाला पडायला उंचीच उरायची नाही. १८३९ मध्ये जेम्स नॅस्मिथने यासाठी वाफेच्या घणाचं चित्र काढलं: घण सरळ वर उचलायचा, सरळ खाली सोडायचा. इतक्यात जहाजाचा अभियंता ब्रुनेल याने विचार बदलला आणि जहाजाला पंखा लावला. दांडा कधी घडलाच नाही, घण मात्र पुढे जगभर पसरला. नॅस्मिथ शिकला कुठे, तर हेन्री मॉडस्लेकडे. आणि ब्रुनेलच्याच आधीच्या ग्रेट वेस्टर्न जहाजाचं चाकांचं इंजिन मॉडस्लेच्याच कारखान्याचं.

कौतुक करायचंच तर त्या न घडलेल्या दांड्याचं करा.

दट्ट्या

तुमचा प्लंजर कमी प्रतीचा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण दोन मायक्रॉन राखतं ते ग्राइंडिंग मशीन आणि त्याचं मोजमाप. ग्रेट ईस्टर्न जहाजाच्या चाकांच्या इंजिनाला ७४ इंच व्यासाचे आणि १४ फूट धावेचे झुलते सिलिंडर होते. ते ओतताना, आतून कातताना, खुंट्यांवर बसवताना चूक सावरायला हाताशी काय होतं? माणसाची नजर आणि कानस. माझं कौतुक त्या जोखमीचं आहे.

लेथवाली

नजर आणि कानसच असती तर ७४ इंचाचा सिलिंडर आतून गोल झालाच नसता. त्याला बोरिंग मशीन लागतं. ते वॉटच्या काळापासून होतं.

कोळसा_कोण_टाकतो

सगळे इंजिनाभोवतीच फिरताय. बॉयलरकडे कोणी वळेल का?

एप्रिल १८६५, मिसिसिपी नदी, सुल्ताना नावाची चाकांची स्टीमर. परवाना ३७६ माणसांचा, चढवली दोन हजारांहून जास्त, बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. सरकार माणशी भाडं देत होतं. वाटेत बॉयलर गळायला लागला. नीट दुरुस्तीला दिवस गेले असते आणि सैनिक दुसऱ्या बोटीला गेले असते, म्हणून फुगलेल्या जागेवर ठिगळ मारून निघाले. मेम्फिसच्या वर बॉयलर फुटले. अकराशेहून जास्त मेले. इंजिनात काही खोट होती असं मी कुठे वाचलं नाही.

तुमची सुंदर इंजिनं अशा बॉयलरांच्या जिवावर फिरत होती आणि बॉयलर कोळशाच्या धगीत उभ्या माणसांच्या. प्रवाशांच्या वाटा त्या बाजूने कधी नेल्या नाहीत. वेव्हर्लीचंच बघा. इंजिन मूळचं, पण बॉयलर १९८१ ला बदलले, २००० ला बदलले, २०२० ला परत बदलले. या शेवटच्या खेपेला २३ लाख पौंड जमवावे लागले. कोळसा तर १९५७ लाच गेला, तेव्हापासून तेल जळतं. आज कठड्याशी उभं राहून जे दिसतं ते काजळी, घाम आणि भीती वजा केल्यावर उरलेलं आहे.

दट्ट्या

सुल्ताना इथे आणणं मला पटलं नाही. मिसिसिपीची परंपराच निराळी. तिथे उच्च दाबाची वाफ, वापरलेल्या वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर नाही, इंजिनं ओबडधोबड, कनेक्टिंग रॉडसुद्धा लाकडी, त्याला लोखंडी पट्ट्या. क्लाइडच्या, म्हणजे ग्लासगो-ग्रीनॉकच्या नदीकाठच्या, इंजिनांशी त्यांची तुलना होत नाही.

खलाशी_निवृत्त

थांबा. लाकडी रॉड म्हणजे ओबडधोबड? नदीचं पाणी गढूळ, वाळू जागा बदलणार, पाण्यात ओंडके, जवळ कारखाना नाही. रॉड मोडला तर काठावरचं झाड तोडून नवा करता येतो. जहाजाचं लाकडी अंग नदीत वाकतं, त्या वाकण्यात लाकडी रॉड निभावून नेतो. क्लाइडचं घोटीव इंजिन तिथे एक हंगाम टिकलं असतं का, शंका आहे. ज्याने हे ओळखून रॉड लाकडाचा ठेवला, तो माझ्या लेखी पेनच्या बरोबरीचा कारागीर. सुल्तानाचं ठिगळ ज्याने मारायला लावलं तो वेगळा माणूस. त्याला कारागिरीशी देणंघेणं नव्हतं, भाड्याशी होतं.

तिरपागडा

काकांचं पटलं. म्हणजे चकाकी गेली, लाज गेली, उरला उपयोग. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

आता दट्ट्यांना एक सरळ प्रश्न. बांगलादेशातल्या 'रॉकेट' स्टीमर घ्या: महसूद १९२८ ची, ऑस्ट्रिच १९२९ ची. चाकं राहिली, वाफेची इंजिनं काढून डिझेल बसवलं. उलट टोकाला जिनिव्हा सरोवरावरची माँत्रो. १९०४ ची बोट, वाफेचं इंजिन जाऊन डिझेल-इलेक्ट्रिक झालेली. २००१ मध्ये तिच्यात परत वाफेचं इंजिन बसलं, तेही कोरं, विंटरथूरच्या कारखान्यात नव्याने बनवलेलं, वरून सुकाणूच्या खोलीतून चालवता येणारं. त्याच्यापाशी तेलाचा डबा घेऊन कुणी उभं राहायची गरज नाही. पण ते उघडं आहे आणि लोक बघतात. तुमच्या न्यायाने याला कारागिरी म्हणायचं की देखावा?

दट्ट्या

देखावाच. तिथे हाताला काम नाही. काकांचा तळवा ज्या जागेत जायचा, ती जागा नुसती बघण्यापुरती ठेवलेली. ते इंजिन बंद पेटीत असतं तरी बोट तशीच चालली असती.

लेथवाली

कमाल आहे. धाग्याचं शीर्षक तुमचं, "झाकण नव्हतं म्हणून देखणं झालं". २००० च्या आसपास विंटरथूरमध्ये कुणीतरी ते क्रँक कातले, बेअरिंगं बसवली, आणि उद्या कठड्याशी माणसं उभी राहून हे बघणार हे पक्कं ठाऊक असताना बसवली. तुमची अट त्यांनी जशीच्या तशी पाळली, तर आता तुम्हाला आणखी तेलाचा डबाही हवा.