पाणी जातंय, सीआरपी नॉर्मल, तरी पोटातून पाणी काढून तपासायचं?

वायरमन_अण्णा:
बायकोला २९ वा आठवडा. शनिवारी सकाळी डब्याच्या पोळ्या लाटताना पाय ओले झाले, तिला वाटलं लघवी सुटली. हॉस्पिटलात कळलं, पाणमोट फुटलीय. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं झाली, अँटिबायोटिक चालू आहे. ताप नाही, सीआरपी (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) ४. पांढऱ्या पेशी मात्र १७,०००. आता डॉक्टर म्हणतात, सुईने गर्भजल काढून आत सूज आहे का बघू. आधीच पाणी कमी, त्यात आणखी काढायचं? एक मीटर ठीक दाखवतोय तर दुसरा कशाला? आई तर सुईचं नाव काढलं की रडायला लागते.

लेबर_रूम_नाइट:
मीटर चुकीच्या लाइनवर लावलाय असं समजा. सीआरपी आईच्या रक्तातला. सूज पिशवीच्या आत असली तर रक्तात दिसायला उशीर होतो, कधी दिसतच नाही. १७,००० ला एवढ्यात घाबरू नका, स्टेरॉइडच्या इंजेक्शनानेही पेशी वाढतात.

गर्भजलात ग्लुकोज बघतात. डेसिलिटरला १४ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की संशय, कारण जंतू आणि पेशी साखर खातात. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, लगेच होतो, पण युरियाप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेशीभित्तिकाच नाही, तो त्यात सापडत नाही. जास्त भरवशाचं इंटरल्युकिन-६, सूज आली की वाढणारं प्रथिन: मिलीलिटरला २.६ नॅनोग्रामच्या वर असेल तर आत सूज धरतात. गंमत म्हणजे सूज असते आणि जंतू एकही नसतो, असंही होतं. आमच्याकडे इंटरल्युकिनची तपासणी होत नाही, तुमच्याकडे विचारा.

काढतात थोडंसंच, सोनोग्राफीत बघत. पण सुई घालण्याइतका पाण्याचा खिसा मिळायला हवा. ही तपासणी सरसकट प्रत्येकीची करत नाहीत, म्हणून सही करण्याआधी विचारा: रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही वेगळं काय करणार?

दोन_पिल्लांची_आई:
दादा, माझं ३० व्या आठवड्यात असंच झालं होतं. माझी सुई झाली नाही. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप, नाडी १२०, रात्रीच सिझर. आदल्या दिवशीचा सीआरपी नॉर्मल होता! वारेच्या रिपोर्टात आवरणांना सूज लिहून आली. लेक १,४०० ग्रॅमची, आता पहिलीत आहे, डोकं खाते.

वहिनींना सांगा, पॅड टाकायच्या आधी सिस्टरना दाखवायचं. हिरवट झालं, वास आला, पोट दुखलं, बाळ कमी हललं तर राउंडची वाट बघायची नाही.

वायरमन_अण्णा:
विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, सूज निघाली तर अँटिबायोटिक बदलू आणि बाळासाठी एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) जागा धरून ठेवू. नाही तर थांबू. खिसा मिळाला, काल काढलं. गव्हाच्या काडाच्या रंगाचं, स्वच्छ. ग्लुकोज ३१, ग्रॅम स्टेनमध्ये काही नाही, इंटरल्युकिन बाहेर पाठवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.