नीडहॅम आणि वेलस्ली मुळात एकच गाव

२०१३ पासून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शालेय अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफचं, म्हणजे बाद फेऱ्यांचं, वेळापत्रक बदललं आणि थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाला) शेजारच्या गावांच्या शाळांमध्ये होणाऱ्या सामन्यातला जीव गेला, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटतं. बाद फेऱ्या आता नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सुरू होतात, त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या निकालावर पुढचं फारसं काही अवलंबून नसतं. अंतिम फेरी गाठलेला संघ त्या दिवशी आपले मुख्य खेळाडू बसवूनही ठेवतो. हे खरंच वाईट झालं. पण जीव गेला म्हणणं मला मान्य नाही, कारण ही चुरस कधी करंडकासाठी नव्हतीच.

तिथल्या नीडहॅम आणि वेलस्ली या शेजारच्या गावांचंच घ्या. वेलस्ली म्हणजे पूर्वीचं वेस्ट नीडहॅम. १८८१ साली ते नीडहॅममधून फुटून स्वतंत्र गाव झालं आणि १८८२ च्या थँक्सगिव्हिंगला दोन्हीकडची पोरं फुटबॉलच्या मैदानावर समोरासमोर उभी राहिली. वाटणी होऊन जेमतेम दीड वर्ष झालेल्या भावकीचा सामना होता तो! आपल्याकडे बांधावरून जे होतं ते तिथे मैदानावर झालं, आणि ते किती बरं झालं. आजही त्या गुरुवारी सकाळी टर्की ओव्हनमध्ये ठेवून माणसं मैदानावर जातात, कॉलेजातून सुट्टीला आलेली मुलं जुन्या मित्रांना तिथेच भेटतात. ही गर्दी प्लेऑफच्या तक्त्याकडे बघून येत नाही.