गेलेल्या वर्गमित्रासाठी उत्तरायणात काय करता येईल?

दांडियाबाजारकर
आमच्या दहावीच्या वर्गातला एक मित्र गेल्या महिन्यात हार्ट ॲटॅकने गेला. बॅचच्या ग्रुपवर त्याच्या नावाची ट्रॉफी ठेवायचं चाललंय. मला ते पटत नाही.

दहावीत माझे बाबा गेले, तेव्हा बरेच दिवस मी शाळेत नव्हते. हा रोज वर्गात वहीत कार्बन घालून लिहायचा आणि संध्याकाळी खालची पानं माझ्या आईच्या हातात देऊन निघून जायचा. कार्बनमधून भूमितीच्या आकृत्या नीट उठत नाहीत, म्हणून तेवढ्या पेन्सिलीने पुन्हा काढलेल्या असायच्या. बाबांच्या तेराव्याच्या दिवशीसुद्धा आला होता. ती पानं मी जपून ठेवलीत.

आणि आमच्या बडोद्याची उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग! आम्ही गच्चीवर 'काप्यो छे' (कापला रे!) ओरडून घसे बसवायचो. हा वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, संपली की बांबूला आकडी बांधून सुरसागर तलावाच्या बाजूची झाडं धुंडाळायचा, पक्षी अडकू नयेत म्हणून फांद्यांतली पतंगाची दोरी काढायचा. नोकरी लागल्यावरही त्याने हे सोडलं नाही. बॅचने तेच करावं असं मला मनापासून वाटतं. कोणाला अनुभव आहे का?

रावपुरा, मागचा बाक
काढलेली दोरी तो तशीच कचऱ्यात टाकायचा नाही. कात्रीने बोटभर तुकडे करायचा, नाहीतर उकिरड्यावरचे कावळे अडकतील म्हणायचा. मी येतो.

पक्षीमित्र, मांजलपूर
ताई, जरूर करा. फक्त विजेच्या तारांवरच्या दोरीला बांबू लावू नका, ते वीजवाल्यांनाच कळवा. हातात जाड मोजे घाला. पक्षी अडकलेला दिसला तर दोरी ओढू नका, आणखी रुतते. दोन्ही बाजूंनी कापा, पक्षी फडक्यात धरून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि १९६२ या प्राण्यांच्या हेल्पलाइनला फोन लावा. जखमी पक्ष्यांसाठी वनखात्याचं करुणा अभियान १० ते २० जानेवारी असतं, त्यांच्याशी आधी बोलून घ्या. नायलॉनच्या दोरीवर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी झाडांवर सापडतेच. ती कुजत नाही, त्यामुळे पुढे कित्येक महिने पक्षी अडकत राहतात.

दांडियाबाजारकर
दादा, खूप आभार. काल त्याच्या आईला भेटून आले. कार्बनचं काकूंना माहीतच नव्हतं. सगळी पानं त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली, झेरॉक्स मागून घेतल्या.

१६ ला सकाळी सातला खंडेराव मार्केटपाशी जमूया. मोजे आणि खोकी मी आणते. लांब बांबू कोणाकडे असतील ते इथेच लिहा.