मदत हवी आहे: साडेतीन वर्षांची लेक, आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीवाल्या सासूबाई. आल्प्समधली कोणती घळ झेपेल?

निळीवाट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण आल्प्समध्ये आहोत. मुलांना एकदा तरी घळीतला धबधबा दाखवायचाय. तीन नावं समोर आहेत: जर्मनीतली पार्टनाखक्लाम, ऑस्ट्रियातली लिश्टनश्टाइनक्लाम आणि स्वित्झर्लंडमधला ट्र्युमेलबाख. तिन्हींबद्दल 'फॅमिली फ्रेंडली' असंच वाचायला मिळतं, त्यावरून काहीच कळत नाही. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. त्या सपाटीवर तासभर चालतात, पण उतरताना गुडघा धरतो. लेक स्वतः चालते, कंटाळली की कडेवर. बाबागाडी न्यावी का? दिवसाची कोणती वेळ बरी? आणि काय चुकू शकतं, हेही सांगा.

दगडफूल

ट्र्युमेलबाख लगेच यादीतून काढा. चार वर्षांखालच्या मुलांना तिथे आत घेत नाहीत, त्यामुळे लेकीसाठी दार बंदच. आयगर, म्योंश आणि युंगफ्राऊ या शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी तिथे डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी खाली येतं. जोर असतो तेव्हा सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. बोगद्यातल्या लिफ्टने बरंच वर जाता येतं, पण पुढे ओल्या दगडी पायऱ्या आहेतच, आणि त्या बहुतेक लोक उतरताना वापरतात. म्हणजे नेमकं तुमच्या सासूबाईंचं दुखणं. सगळ्यांना जायचंच असेल तर दोन गट करा. एकाने लेकीला घेऊन बाहेर थांबायचं.

'फॅमिली फ्रेंडली'चा अर्थ एवढाच, की वाट बांधलेली आहे, कठडा आहे आणि दोर लावून चढावं लागत नाही. कोणत्या वयाच्या मुलासाठी, हे त्यात नसतं. त्यामुळे प्रत्येक घळीबद्दल हे विचारा: पायऱ्या किती? कठड्याच्या खालच्या भागात फट किती? आणि मध्येच बाहेर पडायला वाट आहे का? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि लहान मुलं असताना तोच सगळ्यात महत्त्वाचा. घळ म्हणजे दोन दारांची लांब गल्ली. मधोमध मूल रडायला लागलं तर पुढे जा किंवा मागे या, दोन्हीकडे अंतर तेवढंच.

काठीवाला

पायऱ्यांचा हिशोब घरबसल्या होतो. साधी पायरी १७ ते १८ सेंटिमीटरची. लिश्टनश्टाइनक्लाममध्ये 'हेलिक्स' नावाचा गोल लोखंडी जिना आहे, ३० मीटर खोल. म्हणजे साधारण १७० पायऱ्या, दहा मजले समजा. परतीची वाट तीच, त्यामुळे तो एकदा उतरणं आणि एकदा चढणं आहेच, आणि घळीत याखेरीजही पायऱ्या आहेत. २०१७ साली दरड कोसळल्यावर ही घळ बंद होती, २०२० मध्ये या जिन्यासह पुन्हा सुरू झाली. शेवटी ५० मीटरचा धबधबा आहे, देखणा आहे, पण उतरताना गुडघा धरत असेल तर मी तिथे नेणार नाही.

पार्टनाखक्लाम त्या मानाने सरळ. सुमारे ७०० मीटर लांब, भिंती ८० मीटरच्या आसपास, वाट कातळात खोदलेली आणि उतार बेताचा. पण एक गोष्ट लोक विसरतात. गार्मिश-पार्टेनकिर्खेनच्या ऑलिंपिक स्की स्टेडियमपासून घळीच्या तोंडापर्यंतच जवळपास दोन किलोमीटर चाल आहे. त्यात जाऊन-येऊन चार किलोमीटर गेले, मग घळीतले दीड. सासूबाईंचा एक तास घळीत पाय ठेवण्याआधीच अर्धा संपतो. बाबागाडी तिथे चालत नाही, मनाई आहे.

ओलाकातळ

वरच्या तिन्ही सोडून चौथी सुचवतो: स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगन गावाजवळची आरेश्लुख्ट घळ. १,४०० मीटर लांब, काही ठिकाणी २०० मीटर खोल, आणि सगळ्यात अरुंद जागी भिंतींमधलं अंतर जेमतेम एक मीटर. वाट कड्याला टेकवलेल्या फळ्यांवरून आणि छोट्या बोगद्यांतून जाते. एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येतं आणि तिथे छोट्या रेल्वेचं स्टेशन आहे. म्हणजे तेच अंतर परत तुडवायला नको. थकलेल्या मुलासाठी आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी याहून मोठी सोय नाही. फक्त गाडीची वेळ आधी पाहून ठेवा.

तिथे गडगडाट करणारा मोठा धबधबा नाही, हे खरं. तो हवा असेल तर मायरिंगनच्याच अंगाला रायखेनबाख आहे. तिथे दोराने ओढली जाणारी गाडी थेट धबधब्यासमोर नेते. वरचा टप्पाच सुमारे ११० मीटरचा. सकाळी घळ, मग विश्रांती, मग गाडीने धबधबा. एका घळीत दोन्ही शोधण्यापेक्षा हे बरं.

निळीवाट

आरेश्लुख्टचं नावच माहीत नव्हतं. गटातल्या सगळ्यांना जमेल असं वाटतंय. मग बाबागाडीऐवजी पाठीवरची फ्रेमची पिशवी घेऊ का? आणि वेळेचं काय?

दगडफूल

फ्रेमची नको. त्यात मूल तुमच्या डोक्याच्या वर बसतं, आणि घळीत कातळ पुढे झुकलेला असतो. तुम्ही स्वतः वाकून जाता, पण मागे बसलेल्या मुलाचा अंदाज राहत नाही आणि कपाळाला खोक पडते. कापडी झोळीवजा पट्टा घ्या, त्यात मूल अंगालगत आणि तुमच्या खांद्याच्या खाली राहतं. बोगद्यात शिरण्यापूर्वी तरीही एका हाताने तिचं डोकं झाका.

चालत असेल तेव्हा तिचा पंजा धरू नका, मनगट धरा. ओला पंजा सटकतो. तिला भिंतीच्या बाजूला ठेवा आणि मोठ्या माणसाने कठड्याच्या बाजूने चालावं. डोंगरातल्या कठड्याला बरेचदा दोनच आडव्या दांड्या किंवा तारा असतात. घरातल्या जिन्याला असतात तशा जवळजवळ उभ्या सळ्या नसतात, आणि साडेतीन वर्षांचं मूल खालच्या फटीतून सहज निघतं. आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा: तो वाकून खाली बघतो. त्याला 'वाकू नको' म्हणण्यापेक्षा 'पोट दांडीला लावायचं नाही' असं सांगा, ते पाळता येतं. दगड टाकायचे नाहीत हेही आत जाण्याआधीच सांगून ठेवा. खालच्या वळणावर कुणी आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

ओलाकातळ

वेळ सकाळची. दार उघडताच शिरा. यामागे दोन कारणं आहेत. हिमनदीवर पोसलेल्या ओढ्याला दुपारनंतर पाणी वाढतं, कारण उन्हाने वितळलेलं बर्फ खाली पोहोचायला काही तास लागतात. आणि जुलैत आल्प्समध्ये गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर होतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळलेला असू शकतो, घळीतून दिसते ती आकाशाची पट्टीच.

पाणी अचानक गढूळ झालं, त्यातून काटक्या-पानं वाहायला लागली किंवा आवाजाचा सूर जाड झाला, तर जवळच्या दाराकडे वळा. फोटो राहिला तर राहिला. दारावरचा माणूस बंद म्हणाला, तर वाद घालायचा नाही. मोठा पाऊस होऊन गेला की भिंतीतले सैल दगड सुटतात. पार्टनाखक्लाममध्ये १ जून १९९१ रोजी सुमारे ५,००० घनमीटर कातळ सुटून ओढाच अडला होता. निघण्याच्या दिवशी सकाळी घळीच्या संकेतस्थळावर 'आज चालू की बंद' बघा, आदल्या रात्रीचं चालत नाही.

काठीवाला

चालीचा अंदाज सांगतो. पाटीवरचा वेळ मोठ्या माणसाचा असतो. जर्मन पद्धत अशी: सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढावर तासाला ३०० मीटर उंची, उतारावर ५०० मीटर. अंतराचा आणि उंचीचा वेळ वेगळा काढायचा, मोठ्या आकड्यात लहानाचा अर्धा मिळवायचा. ३ किलोमीटर आणि २०० मीटर चढ असेल तर ४५ आणि ४० मिनिटं, म्हणजे ४५ अधिक २०, एक तास पाच मिनिटं. लहान मूल असेल तर दुप्पट धरा. ते दर दहा पावलांनी थांबून पाणी बघतं, आणि बघायलाच तर नेतो आहोत.

सासूबाईंना दोन काठ्या द्या, उतरताना गुडघ्यावरचा भार हातांवर येतो. मात्र काठीच्या टोकाला रबरी बूच हवंच. लोखंडी जाळीच्या वाटेवर उघडं टोक भोकात अडकतं आणि माणूस पुढे झुकतो. जाळीतून खालचं पाणी दिसतं म्हणून काही मुलं पाय टाकायलाच घाबरतात. त्यांना ओढू नका, समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालायला सांगा.

हिरवीदरी

कपड्यांचं कुणी बोललं नाही. बाहेर ऊन असलं तरी आत गारठा असतो, आणि भिंतींवरून थेंब ठिबकत राहतात, पावसाचा संबंध नाही. छत्री नको, अरुंद वाटेवर समोरच्याच्या डोळ्याला लागते. टोपीचा रेनकोट घ्या. लेकीला सुती कपडा आतून नको, भिजला की तो अंगाची ऊब ओढतो आणि वाळत नाही. तिच्यासाठी कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

बुटांच्या बाबतीत एक गंमत आहे, फारशी हसण्यासारखी नाही. कपाटात पाच-सात वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट दिसायला नवे असतात, पण तळव्यातला फोम दमट हवेत विरून गेलेला असतो. मग चालताना अख्खा तळवाच गळून पडतो. निघण्याआधी घरातच तळवा दोन्ही बाजूंनी वाकवून, ओढून बघा. शेवाळलेल्या फळ्यांवर खोबणीचा मऊ रबरच पकड देतो, सॅंडल नको.

निळीवाट

धबधब्याखालच्या डोहात मुलांना पाय बुडवू द्यावेत का? लेकाचा हट्ट असणार.

ओलाकातळ

नाही. पाणी काही अंशांचंच, आणि कोसळणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे ते माणसाला तरंगवत नाही. शिवाय खाली भोवऱ्यासारखा प्रवाह असतो, तो पडलेल्या वस्तूला पुन्हा धबधब्याखालीच ओढतो. पाय बुडवायचेच असतील तर घळ संपल्यावर, जिथे ओढा पसरतो आणि तळाचे दगड दिसतात, तिथे घोट्यापर्यंत. तेही तुम्ही आधी पाय घालून बघितल्यावर.

आत फोनला रेंज धरून चालू नका. नकाशा आधी उतरवून ठेवा. मदतीचा क्रमांक तिन्ही देशांत ११२. आवाज पोहोचत नाही म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी असू द्या. डोंगरातली खूण अशी: मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबा, मग पुन्हा. मुलाला सांगा की ही खेळायची शिट्टी नाही.

हिरवीदरी

आणि स्वच्छतागृह दारावरच उरका, लेकीला गरज नाही असं ती म्हणाली तरी. आत तशी सोय असेलच असं नाही.