चालू मेडिकल घ्यायचंय, मालक २४ लाख मागतायत

माहुली_घाट: साताऱ्यात १२ वर्षं चालू असलेलं मेडिकल विक्रीला आहे. गुडविल (दुकानाचं नाव आणि बसलेली गिऱ्हाइकं यांची किंमत) आणि फर्निचर मिळून १५ लाख, माल ९ लाख. रोजचा गल्ला १८ हजार सांगतात. जागा भाड्याची, महिना २० हजार. बायकोचं डी.फार्म. झालंय, फार्मासिस्ट म्हणून नोंदणीही आहे. हातात ९ लाख आहेत. आकडा बरोबर आहे का, आणि कर्ज कसं बसवावं?

खतावणी: तोंडी गल्ल्यावर जाऊ नका. १२ महिन्यांचे जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र), बँकेचा उतारा आणि होलसेलरकडच्या खरेदीची बिलं मागा. तिन्ही जुळलं पाहिजे. ३बीत विक्री कर वगळून दिसते. बहुतेक औषधांवर आता ५ टक्के आहे, म्हणजे १८ हजारांचे तिथे १७,१०० दिसतील. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या महिन्यांत १२ टक्के होता, तिथे १६ हजारांच्या आसपास. हा फरक सोडून आकडा घसरला असेल तर कारण विचारा.

आता हिशोब. १७,१०० गुणिले ३५० दिवस, साधारण ६० लाख. ग्राहकाला दिलेली सूट जाऊन १८ टक्के सुटले तर १०.८ लाख. भाडं २.४, एक मुलगा १.४४, लाइट-सॉफ्टवेअर ०.६, एक्स्पायरी-तूटफूट ०.६. उरले ५.७६ लाख. यातून फार्मासिस्टचा पगार, महिना १८ हजार, वजा कराच. बायको बसणार म्हणून तिचं काम फुकट धरायचं नाही. खरा नफा राहिला ३.६ लाख. अशा दुकानाला मी दीड ते दोन वर्षांच्या नफ्यापेक्षा जास्त गुडविल देणार नाही, म्हणजे साडेपाच ते सात लाख. फर्निचर, फ्रिज, एसी, कॉम्प्युटर वेगळं मोजा.

एक गोष्ट मात्र नक्की करा: बिलिंग सॉफ्टवेअरमधून डॉक्टरवार विक्री काढा. निम्मी चिठ्ठी शेजारच्या एकाच दवाखान्यातून येत असेल, तर तुम्ही त्या डॉक्टरच्या भाडेकराराचे पैसे मोजताय.

फॉर्म_वीस: परवाना विकत मिळत नाही. फॉर्म २० आणि २१ (किरकोळ औषधविक्रीचे परवाने) त्या मालकाच्या आणि त्या जागेच्या नावावर असतात. तुम्हाला एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) नवा अर्ज करावा लागेल, जागा किमान १० चौरस मीटर हवी. त्यांनी परवाना परत करायचा आणि तुमचा हातात यायचा, या तारखा आधी जुळवा. मध्ये महिना गेला तर दुकान बंद, होलसेलर बिल करणार नाही आणि रोजची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातील.

मालाची मोजणी बॅचवार, खरेदीदराने. एमआरपीने अजिबात नाही. मुदत संपलेला आणि तीन महिन्यांत संपणारा माल त्यांनीच आपल्या खात्यावर परत पाठवावा, कारण होलसेलर क्रेडिट नोट ज्याला बिल केलं त्यालाच देतो. कापलेली पट्टी हातात घेऊन बघा. बॅच आणि एक्स्पायरी छापलेला तुकडाच कापून गेला असेल तर ती शून्य. इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून २ ते ८ अंश राहतंय का तेही बघा. ९ लाखांचा माल या चाळणीतून ७ वर आला तर नवल नाही.

मार्जिन_मनी: पीएमईजीपी (रोजगारनिर्मितीची सरकारी अनुदान योजना) सोडून द्या, ती नव्या युनिटलाच मिळते. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत तुम्हाला १० लाखांपर्यंत (‘तरुण’ गट). २० लाखांचं तरुण प्लस आधीचं तरुण कर्ज फेडलेल्यांना. गुडविलवर बँक सहसा पैसे देत नाही, मालावर आणि फर्निचरवर देते. म्हणून मांडणी अशी: माल ७ लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) धरून ५.२५ ची कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे मालाच्या तारणावर लागतील तसे पैसे काढायची मर्यादा). फर्निचर अडीच धरा, त्यावर १.९ चं मुदत कर्ज. ११ टक्के व्याज धरलं तर सीसीचं व्याज महिना ४,८०० आणि ५ वर्षांचा हप्ता ४,१००. हे पेलतं. गुडविल ६.५ ठरलं तर ४ ताब्याच्या वेळी, उरलेले अडीच सहा आणि बारा महिन्यांनी, विक्री ठरल्या आकड्यावर टिकली तरच. सगळं मिळून १६ लाख. तुमच्या खिशातून सुरुवातीला ६.३५ जातील; उरलेले अनामत आणि पहिल्या महिन्याच्या खरेदीला ठेवा.

माहुली_घाट: मालक म्हणतात, आधी २ लाख टोकन द्या.

खतावणी: घाई नको. आधी जागामालकाशी बोला. ५ वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) नोंदवून मिळणार नसेल तर गुडविल कशाचं? मग करारात दोन कलमं घाला. जुना जीएसटी थकला असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार तो घेणाऱ्याकडूनही वसूल होतो, म्हणून थकबाकी निघाली तर उरलेल्या अडीचातून वळती करायची. दुसरं, त्यांनी त्याच भागात पुन्हा मेडिकल टाकायचं नाही. एरवी अशी बंदी टिकत नाही, पण गुडविल विकताना वाजवी हद्दीपुरती करार कायद्याच्या कलम २७ मध्ये चालते. टोकन चेकनेच द्या, आणि परवाना नाकारला गेला तर परत, असं पावतीवर लिहून घ्या.